ऐनावरची वरची खूण

पुणे, ३ जून २०२५

ती. आबांस, हर्षलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आपल्या शेताखाली नदीकाठी हवामान संशोधन केंद्र होणार आहे आणि त्याचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलंय. इमारत खांबांवर उभी राहील. पुराचं पाणी खालून निघून जाईल, खिडक्या वाऱ्याचा रोख पाहून आपोआप उघडतील. पण मजला किती उंच धरू? हाताशी नोंदी दहाच वर्षांच्या आहेत. सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं ते कळवा.

लोभ आहेच, उत्तरही येऊ द्या.
हर्षला

कळंब, १२ जून

चि. हर्षलास आबाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपली मागची खिडकीबी वारा आला की आपसूक उघडते, तिला कोण संशोधन म्हणत नाय. पाण्याचं म्हणशील तर तू पाचवीत होतीस तवा बांधावरनं गेलं. त्याच्या आधीचं आठवून सांगतो. गणपतीला येशील ना गं?

पत्र धाड. वाट बघतो.
आबा

पुणे, २० जुलै

ती. आबांस सा. न.

तुमच्या चार पत्रांत शेजारच्या ठकीकाकूंची शेळी व्याल्याची बातमी दोनदा आली आणि पाणी बांधावरून जेमतेम गोठ्यापर्यंत आलं. ही नदी आहे की गोगलगाय? आता गोठ्याची पायरीच धरते. शुक्रवारी नकाशा मंजुरीला जाईल. मग मी मोकळी, गणपतीत दहा दिवस घरी.

मोदकांचे तांदूळ काढून ठेवा.
हर्षला

कळंब, २३ जुलै

चि. हर्षलास आशीर्वाद.

पायरी धरू नको. नदीकडचं ऐनाचं झाड आठवतं? पूर वसरला की तुझी आय त्याच्यावर कोयत्यानं खूण करायची. वरची खूण तुझ्या जन्माच्या आधीची. मी हात वर केला तरी वीतभर वरच राहते. दारात उभं राहिलं तरी दिसते, आठवायला काय लागतंय.

पहिल्याच पत्रात सांगितलं असतं तर तुझं काम झालं असतं आन् पत्रंबी सरली असती. तुझी आय गेल्यापासून मला कोण काय विचारत नाय गं. पण तिथं माणसं कामाला येतील. चुकलो.

रागावलीस तरी कळव.
आबा

पुणे, १० ऑगस्ट

ती. आबांस सा. न.

नकाशा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र मिळालं. परत मागवला. मजला खुणेच्याही वर नेलाय, म्हणजे खांब, जिने सगळं नव्यानं. त्यापायी गणपतीला येणं जमत नाही. दोन दिवस तुमचा फार राग आला. मग इथल्या खोलीत मला शेवटचं कोणी काय विचारलं होतं, ते आठवत बसले.

ऐन तोडायचा नाही, असं नकाशावर लिहिलंय. आता एक विचारते, ते कामासाठी नाही. एवढ्या उंचावर आईनं खूण केली कशी? शिडी कोणी धरली होती, ती काय बोलली, सगळं सांगा.

सावकाश सांगा. एका पत्रात संपवू नका.
हर्षला