उपाशी तळ्यातले जाडे मासे

आष्टा, बुधवार, ता. १२ नोव्हेंबर १९७५

राजमान्य राजश्री लालासाहेब साडूभाऊ यांस, नाथाजीचा वीटभट्टीवरून, विटेवर बसून रामराम. (खुर्ची आहे, पण तिच्यावर सध्या माशांचा तराजू बसलाय.) तुमचा गुडघा मेढ्याच्या चढाला काय म्हणतो ते कळवावे. लीलाबाईंना सांगावे की त्यांची बहीण ठणठणीत आहे, माझ्याशी बोलत नाही एवढेच. दिवाळीत डब्यातले एकवीस बेसनाचे लाडू गायब झाले, ते मीच खाल्ले असा चंद्राबाईचा निकाल आहे. मी खाल्ले नाहीत. पण घरात लाडवांहून मोठा घोळ झालाय, म्हणून हे पत्र.

आमचे दोन पाहुणे तुम्ही दिवाळीच्या आठ दिवसांच्या मुक्कामात पाहिलेच. मासे पाळायचं शास्त्र शिकून, प्रत्यक्ष कामासाठी मुंबईहून तीन महिने आलेली वाईची विनोदिनी आणि तिच्याबरोबरचा केरळचा कुट्टी. आता अख्खा वाळवा तालुका सोडून ही मंडळी माझ्याच दारात का, तर भट्टीसाठी माती काढून पडलेले माझे दोन खड्डे लांबी, रुंदी, खोलीला अगदी सारखे. पोरीनं टेप लावून मापं घेतली आणि अशी खूश झाली, की मलाच लाजल्यासारखं झालं. (डोक्यावर विटा वाहून मी भट्टीचा मालक झालो, पण माझ्या खड्ड्यांचं कौतुक करणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं.) दोन्हीत पाणी भरलं, बोटाएवढी रोहूची पिल्लं मोजून सोडली. ठरलं असं की एका तळ्याला रोज तोलून पेंड आणि कोंडा घालायचा आणि दुसऱ्याला काहीच नाही; त्या माशांनी शेवाळ नि किडे खाऊन जगायचं. का, तर फरक कळायला. मी मान हलवली. (सरकारी माणसापुढं मान कशी हलवायची, ते भट्टीचा परवाना काढताना शिकलोय.)

आमची आई हरणाबाई मात्र खवळली. "अगं पोरी, एका पंगतीला वाढतीस आन् दुसरीला तशीच उठवतीस व्हय? आमच्या दारात असलं कवा झालं न्हाई." तिनंच नाव पाडलं, 'उपाशी तळं'.

महिन्यानं जाळं टाकलं, तर उपाशी तळ्यातले मासे जास्त जाड! विनोदिनीला वाटलं तराजू बिघडला. तिनं माझी वीट ठेवून पाहिली. वीट बरोबर भरली. (माझा जीव भांड्यात पडला.) दुसऱ्या महिन्यात तर फरक दुप्पट. मग पाणी बाटल्यांत भरून तपासलं, जाळं बदललं, कुट्टीला दोन दिवस काठावर बसवलं. त्या गड्याला मराठी म्हणून एकच वाक्य येतं, "जेवलात का?", कारण आमच्या घरात त्याच्या कानावर तेवढंच पडलं. त्यामुळं त्यानं काय पाहिलं ते आम्हाला कळलं नाही, आणि पोरीनं इंग्रजीत विचारलं तर नुसती मान हलवली. दिवाळीनंतर उपाशी तळ्यातलं जाळं ओढायला चार गडी लागले. पोरीनं चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला, की या भट्टीच्या मातीत काहीतरी गुण आहे. पुढच्या गुरुवारी मुंबईचा मोठा साहेब येतोय. त्याला पटलं तर तिची नोकरी पक्की, नाहीतर परत वाईला. इकडं इस्लामपुराहून दोघेजण माझी माती पोत्यानं मागायला येऊन गेले.

मी चक्रावून गेलो, पण माझे कान अजून शाबूत आहेत. परवा विटांच्या थप्पीमागं बसलो होतो, तर उपाशी तळ्यावरून चंद्राबाईचा आवाज. "खावा गं बायांनो, तिला कळायचं न्हाई." पाण्यात भाकरी पडल्याचा आवाज. काल दुपारी त्याच जागी आई कण्या घेऊन. आणि आज सकाळी विटा पाडणारी बनाबाई, स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी कुस्करत. प्रत्येकीला वाटतंय की हे पाप आपलं एकटीचंच. आता सांगितलं तर पोरीची नोकरी जाते, आणि गप्प बसावं तर साहेब माझी माती मुंबईला नेतो. तुम्ही पलटणीत साहेबांना वाईट बातम्या सांगण्यात जन्म घालवला. तेव्हा येऊन तिला हळूच सांगावे, ही विनंती.

आपला, गोंधळलेला
नाथाजी

ता. क. रोज सकाळी एक मूठ शेंगदाणे मीही टाकत होतो. पण एका मुठीनं काय होतंय?

ता. क. दुसरा (गुरुवार). पत्र पेटीत पडायच्या आत माझ्याच्यानं राहवलं नाही, पोरीला सांगून टाकलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिली. मग म्हणाली, "काका, प्रत्येकानं आपापली मूठ घेऊन तराजूपाशी या." आम्ही रांगेनं उभे राहिलो. आई, चंद्राबाई, बनाबाई, मी. एकमेकांकडं बघायची सोय नव्हती. सगळं मिळून वजन जेवणाऱ्या तळ्याच्या रोजच्या पेंड-कोंड्याच्या दीडपट भरलं. आणि रांगेच्या शेवटी, मान खाली घालून, मुठीत भात घेऊन कोण उभा? कुट्टी! पोरीनं नुसतं बघितलं, तर तळ्याकडं बोट करून म्हणतो, "जेवलात का?" तेव्हा ती जी हसली, ती मटकन विटेवरच बसली. आता चाळीस पानं बाजूला ठेवून नवा रिपोर्ट चाललाय, मुठीपुढं नाव घालून. साहेबाला पटेल की नाही ठाऊक नाही, पण खोट्या मातीवर नोकरी नको म्हणते.

ता. क. तिसरा, आणि मुख्य. हिशोब एका जागी अडलाय. दिवाळीच्या आठ दिवसांत मासे जेवढे वाढले, तेवढं आमच्या कुणाच्याच मुठीत बसत नाही. त्या आठ दिवसांत गुडघा मोकळा करायला रोज सकाळी तळ्यावर कोण जात होतं, आणि त्याआधी माजघरात डब्याचं झाकण कसं वाजायचं, ते मी अंथरुणातून ऐकलंय. तरी बुधवारपर्यंत आपली मूठ घेऊन यावे. लाडू लीलाबाईंच्याच हातचे आणावेत, दोघी बहिणींचा हात सारखा आहे, वजन जुळेल. चंद्राबाईला मी तराजूशेजारीच उभी करणार आहे.