बिनशिक्क्याचा खैर

डहाणू रोड,
रविवार, २० एप्रिल २०२५

मुक्ता,

कशी आहेस? परीक्षा जवळ आली असेल, म्हणजे तू चिडलेली असशील आणि घरातले सगळे तुला वळसा घालून चालत असतील. गंजाडच्या मावशींचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळे बरे. मम्मी माझ्याशी जेवणापुरतं बोलते. पप्पा तेवढंही नाही. स्टेशनवरून ड्युटी संपवून येतात, रेल्वेचा शर्ट खुंटीला लावतात आणि माझ्यासमोरच मम्मीला सांगतात, "सुनंदा, त्याला आठवण कर, उद्या सोमवार आहे."

सोमवार म्हणजे वनखात्याच्या ऑफिसात माझी हजेरी. रजिस्टरमध्ये माझं नाव नाही. 'आरोपी क्र. २' असं लिहिलंय आणि पुढे सहीचा रकाना.

पत्र बघून हसली असशील. काय करू, फोन मुद्देमालात जमा आहे. आणि एक सांगायचं राहिलं. माझ्या जामिनाच्या ऑर्डरमधली चौथी अट अशी की, साक्षीदार किंवा त्यांच्या घरची माणसं यांच्याशी कुठल्याही मार्गाने संपर्क ठेवायचा नाही. पंचनामा लिहिणारे वनरक्षक तुझे बाबा. म्हणजे वर 'मुक्ता' लिहिलं तिथेच अट मोडली. मोडू दे. मोडायचीच होती तर तुझ्या नावाने मोडली, बरं झालं.

माफी मागायला लिहीत नाही. ते आधीच सांगतो.

तुला लोकांनी काय काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. देवेश सावे लाकूडचोर निघाला, कॉलेज सोडून बॉर्डरपलीकडच्या वखारीला खैर पोचवत होता. तर ऐक. नविनशेठचा पिकअप मी चालवत होतो, हे खरं. पण पहिले चार महिने सगळा माल कागदावरचा होता. झरीला काकड्या म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्या मालकीच्या शेतात अकरा खैर होते. शेठने त्यांची रीतसर परवानगी काढली होती. वनखात्याचे लोक येऊन प्रत्येक झाडावर नंबर टाकून, हातोड्याने शिक्का ठोकून गेले होते. चोरी कसली त्यात? आणि आता तो शेठ बघ. कोर्टाची पायरीसुद्धा चढला नाही, अटकपूर्व जामीन घेऊन उमरगावला बसलाय. कागदावर तो आरोपी क्रमांक तीन. मला चौथ्या दिवशी जामीन मिळाला. क्रमांक एक अजून ठाण्याच्या जेलमध्ये आहे. सात आठवडे होतील. शिमग्याला तो घरी नव्हता. झरीच्या पाड्यात सुक्याचा ढोल दुसऱ्याच कुणी वाजवला म्हणे.

सुक्या म्हणजे आमचा तोडणारा. तू त्याला पाहिलंयस, त्या दिवशी गंजाडच्या रस्त्यावर. टेम्पोच्या मागे ओंडक्यांवर बसला होता तो. तुला बघून त्याने हात केला होता. त्याला वाटलं, दादाची ओळखीची बाई आहे, नमस्कार केला पाहिजे.

कोर्टात सगळ्यांना एक कोडं पडलं होतं. गुजरातला जाणारा माल उलट्या दिशेला, गंजाडच्या रस्त्याला कसा सापडला? माझ्या वकिलांनी त्याचंच भांडवल केलं. म्हणाले, साहेब, ह्या पोराला माल कुठे न्यायचा तेसुद्धा माहीत नाही, हा सराईत कसा असेल? न्यायाधीशांनाही ते पटल्यासारखं दिसलं. खरं कारण तुला माहीत आहे. तू चार वाजता मावशींच्या घरापुढच्या स्टॉपवर उभी राहणार होतीस. भरलेला टेम्पो वखारीला सोडून परत यायला मला सहा वाजले असते. म्हटलं, आधी तुला बघतो, मग माल. खैराचा टेम्पो घेऊन वनरक्षकाच्या मुलीला भेटायला निघालेला माणूस ह्या दोन तालुक्यांत मी एकटाच असेन. बाबांनी टेम्पोला हात केला तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्याबद्दल विचारायला थांबवलं.

हस. पण एक लक्षात ठेव, ह्यात तुझी चूक काढत नाहीये. इतक्या महिन्यांनी तू पहिल्यांदा बोलावलंस; चार वाजता ये, एवढंच म्हणाली होतीस. काय घेऊन ये, ते नाही.

गेल्या वर्षी विवळवेढ्याच्या जत्रेत तू काय म्हणालीस ते मी रोज आठवतो. गडाच्या पायथ्याशी आपण उसाचा रस पीत होतो. तू म्हणालीस, "चोरून भेटणं आता बंद. बाबांसमोर उभं राहायची हिंमत आली की ये." त्यानंतर महिन्याभरात मी कॉलेज सोडलं. सरांशी भांडण झालं असं मी सगळ्यांना सांगतो. भांडण झालं, पण कारण ते नव्हतं. मला वाटलं, बी.कॉम. होऊन हिंमत यायला दोन वर्षं लागतील, पिकअप चालवून लवकर येईल. ह्या मूर्खपणाची मला लाज नाही वाटत. घाई होती, तुझीच घाई होती. ती अजून गेली नाही.

जत्रा आता चालू आहे. गेलो नाही. एकट्याने रस पिववत नाही.

बरं. हे सगळं मी कशाला लिहितोय? जे लिहायचं आहे ते सोडून.

त्या दिवशी काकड्याचे अकरा खैर आदल्याच दिवशी संपले होते. टेम्पो अर्धा रिकामा होता. शेठचा फोन आला, भरून आण. काकड्याच्या शेताच्या कडेला हद्दीचा दगड आहे, त्याच्या पलीकडे सरकारी जंगल. दगडापासून चार पावलांवर चांगले जाड खैर उभे होते. दुपारचे बारा वाजले होते. मी सुक्याला म्हटलं, हे पाडू. सुक्या दगडापर्यंत आला आणि थांबला. एकेका बुंध्याला हात लावून फिरला. मग कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. त्याच्या बापाने त्याला लहानपणी शिकवलं होतं, मालकीचं असो की सरकारचं, शिक्का नसलेल्या खैराला कुऱ्हाड लावायची नाही. मला म्हणाला, "दादा, ह्याच्यावर शिक्का कुठं हाय?"

मला चार वाजता तुझ्याकडे पोचायचं होतं. मी पाकिटातून एक कागद काढला. कॉलेज सोडायच्या आधी रेल्वेच्या पाससाठी बोनाफाईड काढलं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्यावर गोल निळा शिक्का. म्हटलं, हा बघ शिक्का, झाडावरचा ठोकायला साहेब उद्या येणार आहे. सुक्या म्हणाला, वाचून दाखव. कागद इंग्रजीत होता. मी मराठीत वाचला. झरी गाव, तालुका तलासरी, खैर नग सहा, तोडीस हरकत नाही. खडाखडा वाचलं गं, कुठे अडखळलो नाही. त्याने कागद हातात घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. खैराच्या ओल्या गाभ्याने त्याचे हात लाल झालेले असतात, कागदाला तो लाल डाग लागला. मग त्याने कुऱ्हाड उचलली.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. पण अजून पुढे आहे.

जामिनाच्या वेळी वकिलांनी विचारलं, विद्यार्थी असल्याचा काही पुरावा आहे का? मी तोच कागद दिला. कॉलेज सोडून वर्ष होत आलं होतं. वकिलांनी डाग बघितला आणि म्हणाले, "पान खातोस काय रे?" आणि तसाच अर्जाला जोडला. कोर्टात ते उभे राहिले. माझा अशील शिकणारा मुलगा आहे, भाड्याने गाडी चालवत होता, तोडणाऱ्याने त्याला सांगितलं की माल मालकीचा आहे. असं म्हणाले. तोडणाऱ्याने त्याला सांगितलं. आणि कागद वर करून दाखवला.

सुक्या माझ्या शेजारीच उभा होता. त्याने त्या कागदाकडे बघितलं आणि हात लांब केला. "साहेब, ह्योच कागूद. दादानं ह्योच वाचून दाखवला."

वकील म्हणाले, साहेब, हे कॉलेजचं बोनाफाईड आहे. आणि सगळं कोर्ट हसलं. पोलीस हसले, कारकून हसला. सुक्या माझ्याकडे बघत होता, म्हणजे आता दादा सांगेल. मुक्ता, मीही हसलो. थोडंसंच. खाली बघून.

मला जामीन मंजूर झाला, पप्पांनी पगाराची स्लिप लावून जामीनदारी घेतली. सुक्याचा अर्ज फेटाळला. न्यायाधीशांनी कारण दिलं, हाच मुख्य, कुऱ्हाड ह्याच्याकडे सापडली, आणि कोर्टाची दिशाभूल करतो.

शेठवर, वकिलावर, पप्पांवर, सगळ्यांवर मी सात आठवडे खूप तापलो. तापलं की बरं वाटतं, स्वतःकडे बघावं लागत नाही. पण दर सोमवारी ऑफिसच्या आवारात सुक्याची बायको बारकी येऊन बसते. तिथे आमचे जप्त ओंडके रचून ठेवलेत, त्यांच्या सावलीत. आधी वाटायचं, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि सुटलो असतो. गेल्या वेळी सही करून बाहेर पडलो तर ती उठून जवळ आली. म्हणाली, "दादा, तू शिकलेला हाय. सुक्या कोर्टात बोलताना कुठं चुकला, तेवढं सांग. मी जेलात जाऊन त्याला सांगीन. पुढल्या टायमाला वरच्या कोर्टात नीट बोलेल."

मी खाली बघून चप्पल झटकत राहिलो. तिने वाट बघितली, मग परत ओंडक्यांपाशी जाऊन बसली.

तुझे बाबा दारात उभे होते. इतक्या सोमवारांत 'सही कर' ह्यापलीकडे एक शब्द ते माझ्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "टेम्पो गंजाडला का वळला ते मुक्ताने मला त्याच संध्याकाळी सांगितलंय. तिने लपवलं नाही. तुझं काय ते तू बघ."

तू त्याच संध्याकाळी सांगितलंस. आणि मी तुझं नाव वाचवतोय अशा तोऱ्यात इकडे फिरत होतो.

वरच्या कोर्टात सुक्याच्या जामिनाची सुनावणी परवा आहे, मंगळवारी. मी ठरवलंय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, कुणाच्या हाती चोरून पाठवणार नाही. उद्या हजेरीला जाईन तेव्हा उघडंच तुझ्या बाबांच्या हातात देईन. पंचनाम्याला लावायचं असेल तर लावा म्हणेन, आणि मग तुला द्या. बेल रद्द होईल, होऊ दे. पप्पांची जामीनदारी जाईल, त्यांना मी आज रात्रीच्या जेवणाआधी सांगणार आहे, मम्मीमार्फत नाही, सरळ त्यांना. वकील नको म्हणतील, म्हणून त्यांना सांगणारच नाही. मंगळवारी सरळ कोर्टात उभा राहीन. साहेब, तो कागद तुमच्याच फायलीत आहे, काढा. पानाचा डाग नाही तो. सुक्याचा अंगठा लावून बघा. तो एक अक्षर चुकला नव्हता.

हसू देत कुणाला हसायचं असेल तर. ह्या वेळी मी वर बघेन.

बारकीला उद्या सांगेन, सुक्याला काही शिकवू नकोस, तेच परत बोलू दे. ते तिला तोंडावर सांगायला मला तुझ्या बाबांपेक्षा जास्त भीती वाटते.

वाट बघ असं तुला लिहिणार नाही. मला तो हक्क नाही आणि भीक मागायची सवय नाही. पण तू म्हणाली होतीस, बाबांसमोर उभं राहायची हिंमत आली की ये. उद्या सकाळी अकरा वाजता मी त्यांच्यासमोर उभा असेन. भेटायला नाही, तरी आलो होतो एवढं लक्षात ठेव.

परीक्षा नीट दे. मावशींना नमस्कार.

उद्या रजिस्टरमध्ये जुना आकडा खोडून जी सही करीन, तीच इथे करतो.

तुझा,
देवेश सावे
आरोपी क्र. १