दुसऱ्या टेकची किंकाळी

प्रिय भित्र्या,

अक्षर ओळखलंस ना? मग आधी खुर्ची ओढ आणि बस. उभ्याने वाचायचं पत्र नाही हे. ऐन गडबडीत हातात पडेल, मला माहीत आहे, मुद्दाम तसंच द्यायला सांगितलंय. आणि शेवटचं पान आधी बघायची ती तुझी खोड आजच्यापुरती आवर. लहानपणी सिनेमा सुरू होऊन अर्धा तास होत नाही तोच विचारायचास, आई, शेवटी भूत मरतं ना गं? मी कधी सांगितलं नाही. आजही सांगणार नाही.

तर तुझा कार्यक्रम. जुन्या केबलवरचे भुताचे सिनेमे पडद्यावर दाखवायचे, मधे मधे तू किस्से सांगायचे, आणि पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या बाप्यांनी आपलं बालपण आठवून टाळ्या पिटायच्या. चांगलं चाललंय तुझं. नाव झालं, पेपरात फोटो येतात. त्यात तुला मी हवी होते. स्टेजवर, दिव्याखाली, ती माझी प्रसिद्ध किंकाळी पुन्हा एकदा मारायला. किती फोन केलेस! मी नाही म्हणाले. लाडीगोडी लावलीस, तरी नाही म्हणाले. मग चिडलास. म्हणालास, तू ना आई, नेहमी आमच्या आनंदावर विरजण घालतेस, जाऊ दे, तुझ्याशिवाय करीन. एवढं सगळं बोललास, पण का नाही येणार, हे मात्र एकदाही विचारलं नाहीस. म्हणून आता न विचारताच सांगते. आज तुला ऐकून घ्यावंच लागेल.

खोटं कशाला बोलू, त्या रात्रींची हुरहुर मलाही आहे. समोरच्या गच्चीवर केबलवाल्याची छत्री, तिथून झाडाच्या फांदीवरून लोंबकळत आपल्या खिडकीत शिरलेली काळी वायर, आणि टीव्हीमागची ती पिन, जी जरा हलली की भुताला दोन डोकी यायची. शुक्रवारी सगळीकडे निजानीज झाली की केबलवाला स्वतःच्या चॅनेलवर कॅसेट लावायचा. खालच्या पट्टीत जाहिराती सरकत राहायच्या. वर चेटकीण कुणाचा तरी गळा दाबतेय आणि खाली पाळणाघर, आपल्या बाळाची आम्ही घेऊ काळजी. तुझे बाबा रात्रपाळीला स्टुडिओत. आपण दोघं एका पांघरुणात. शेजारची सिस्टरबाई दिवसभर दवाखान्यात उभी राहून दमलेली असायची, तिची झोपमोड नको म्हणून आवाज अगदी बारीक ठेवायचा. तरी ती उठायचीच, शिव्या देत दार वाजवायची आणि मग आपल्याच पांघरुणात पाय घालून शेवटपर्यंत बसायची. काय ते सिनेमे! रबराचे मुखवटे, राक्षसाच्या मानेपाशी स्वच्छ दिसणारी चेन, पंख्याने उडवलेला धूर, दर वेळी तोच बंगला आणि तोच जिना. भूत आलं की तुझी बोबडी वळायची, माझ्या कुशीत तोंड खुपसायचास, आणि मी टीव्ही बंद करायला उठले की पदर धरून खाली ओढायचास. तेवढ्या वेळापुरता तू माझा असायचास. दिवसा तू बाबांचा.

आणि त्या टीव्हीतून ओरडणारी बहुतेक वेळा मीच. लोकांना वाटतं ओरडायला काय लागतं? सुंदर नट्यांना ओरडता येत नाही, बाळा. चेहरा वाकडा होतो म्हणून त्या नुसतं तोंड उघडतात. आवाज मागाहून भरायचा, अंधाऱ्या खोलीत उभं राहून, पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असताना तिच्या ओठांवर नजर ठेवून. ते माझं काम. स्टुडिओत सगळे मला किंकाळीवाल्या बाई म्हणायचे. प्रेत बघितल्यावरची वेगळी, मागून खांद्यावर हात पडल्यावरची वेगळी, भूत म्हणजे आपला नवराच आहे हे कळल्यावरची आणखी वेगळी. हडळीचं हसणंही माझंच. तू बोट दाखवून विचारायचास, ही पण तू? ही पण मीच. मग शाळेत छाती काढून सांगायचास, माझी आई हडळ आहे, आणि तुझ्या बाई मला भेटायला बोलवायच्या.

पण एक किंकाळी या सगळ्यांहून निराळी. ती आली की तू पांघरुणातून डोकं बाहेर काढायचास आणि ओरडायचास, बाबांवाली! तिला तू घाबरायचा नाहीस. बाबांनी ती ध्वनिमुद्रित केली होती आणि त्यांना ती इतकी आवडली, की पुढे जो सिनेमा येईल त्यात टाकली. विहिरीतून वर येणाऱ्या हाताला लावली, बाहुलीला लावली, लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला लावली. एकदा तर घोड्याला लावली. चिमूटभर मीठ टाकावं तशी टाकायचे ते, जिथे सिनेमा अळणी वाटेल तिथे.

तिचाच किस्सा तू स्टेजवर सांगतोस. मागच्या कार्यक्रमाला मी आले होते, तुला न कळवता, पार मागच्या रांगेत. काय रंगवून सांगतोस रे! दाढीवाल्या दिग्दर्शकाला आईची किंकाळी पसंत पडेना, सारखा म्हणे खोटी वाटते, खोटी वाटते. मग बाबांना युक्ती सुचली. त्यांनी टेप चालू केली आणि शिपायाला आत पाठवलं. शिपाई म्हणाला, बाई, तुमचा मुलगा गाडीखाली आला. इथे तू कपाळाला हात लावलास, डोळे फिरवलेस, ओरडलास आणि धाडकन स्टेजवर पडलास. लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. मग तू उठलास, कपडे झटकलेस आणि म्हणालास, याला म्हणतात कलाकार, बाबांसाठी जोरदार टाळ्या! वाजवल्या लोकांनी. माझ्या शेजारच्या माणसाने मला कोपराने ढोसलं, मावशी, भारी सांगतो ना? मी म्हटलं, हो, लहानपणापासूनच नकला छान करतो.

किस्सा तू बाबांकडून ऐकलास, म्हणून अर्धाच ऐकलास. सिनेमात आहे ती पहिली किंकाळी नव्हे. पहिला टेक फुकट गेला. शिपाई जे बोलला ते ऐकून माझ्या तोंडून जे निघालं, त्याने यंत्रावरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला आणि आवाज फाटला. माइक जरा जास्त जवळ राहिला होता, एवढीच काय ती चूक. दुसरा कुणी असता तर दार उघडून म्हणाला असता, अगं वेडे, गंमत केली. तुझे बाबा स्वतः आत आले. मी जमिनीवर बसले होते, मला खांद्याला धरून उभं केलं, आणि बोलता बोलता एका हाताने माइक मागे सरकवला. मला वाटलं, मला बाहेर पडायला वाट करून देतायत. म्हणाले, घाबरू नकोस, आहे अजून, श्वास चालू आहे, तुलाच हाक मारतोय. मला पाणी पाजलं. केवढी माया! घसा कोरडा पडला की आवाज चिरकतो, म्हणून पाजलं. मी हात जोडले, कुणाला ते मलाही माहीत नाही. मग त्यांनी यंत्रांच्या खोलीच्या काचेकडे बघितलं, तिकडून कुणीतरी मान हलवली, आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, गेला.

ही तुमची प्रसिद्ध किंकाळी. अगदी स्वच्छ आली.

आणि तू कुठे होतास? काचेपलीकडे, बाबांच्या खुर्चीत, मांडीवर बिस्किटांचा पुडा घेऊन. पाच वर्षांचा होतास. तुला सांगितलं होतं, आईला भॉक करायचंय, हूं की चूं करायचं नाही. दार उघडून तुला आत सोडलं तेव्हा तू टाळ्या वाजवत, उड्या मारत आलास. सगळे हसत होते, दाढीवाला तर डोळे पुसत होता. मी तुला पोटाशी धरायला हवं होतं. मी तुझ्या थोबाडीत मारली. तू लोकांना सांगतोस ना, आई लहानपणी फार मारायची? एकदाच मारलं रे मी तुला. तुला दोष देत नाही मी. नाही, खरं सांगायचं तर देते, थोडा. पाच वर्षांच्या पोराला आपली आई खरी रडतेय की खोटी, एवढं तरी कळायला हवं.

घर सोडून का गेली नाहीस, असं तुझ्या मनात येईल. सोडलं असतं तर तू कुणाकडे राहिला असतास ते तुलाही ठाऊक आहे. शिवाय मला घाई नव्हती. तुझ्या बाबांना झटका आला, एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हा तू महिन्यातून एकदा यायचास आणि मला मिठी मारायचास, आई, किती करतेस गं त्यांचं, दिवसभर त्यांचे सिनेमे लावून देतेस. हो, लावायची. मोठ्या आवाजात लावायची. ती किंकाळी आली की कॅसेट मागे घ्यायची आणि पुन्हा लावायची, पुन्हा मागे, पुन्हा लावायची. त्यांना मान वळवता येत नव्हती. डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तू म्हणायचास, बाबा आठवणींनी हळवे झालेत. मी रुमालाने पुसून द्यायची आणि पुढची कॅसेट काढायची. ते गेले तेव्हा जमलेली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. किंकाळीवाल्या बाई आता कसा हंबरडा फोडतात, हे बघायला आली होती मेली. मी सगळ्यांना चहा दिला.

हे तुला सांगायचं नव्हतं. तू त्यांना देव्हाऱ्यात बसवलं होतंस, म्हटलं बसू दे. पण त्या दिवशी तू स्टेजवर माझी नक्कल करत पडलास ना, तेव्हा मी तुझा चेहरा नीट बघितला. तोच चेहरा रे. माइक मागे सरकवतानाचा. घरी येऊन मी सिस्टरबाईला म्हटलं, हा माझ्यावर गेलाच नाही की काय, मला एकदा बघायचंय.

म्हणून परवा सकाळी तिने तुला फोन केला. माझ्याच स्वयंपाकघरातून, स्पीकर लावून; मी समोर चहा घेऊन बसले होते. तिला हे मुळीच पसंत नव्हतं, दोन दिवस माझ्याशी भांडली, शेवटी माझ्या हट्टापुढे हरली. म्हणाली, तुझी आई पहाटे झोपेतच गेली रे. मला फक्त तुझ्या तोंडून काय निघतं ते ऐकायचं होतं. हुंदका चालला असता. शिवी चालली असती. नुसतं आई असं म्हटलं असतंस, तरी मी फोन हिसकावून घेतला असता, तुझे पाय धरून माफी मागितली असती, आणि शपथेवर सांगते, तुझ्या स्टेजवर येऊन तू म्हणशील तितकं ओरडले असते. तू म्हणालास, शनिवारी कार्यक्रम आहे, हाऊसफुल्ल आहे, आता रद्द नाही करता येणार, तुम्ही सगळं उरकून घ्या, मी रविवारी येतो. आणि फोन ठेवता ठेवता विचारलंस, तिच्या आवाजाचं घरात काही रेकॉर्डिंग आहे का? सिस्टरबाई रडायला लागली. तुला वाटलं, माझ्यासाठी. काल ती तुझ्या हॉलवरून जाऊन आली. दारात काळ्या चौकटीत माझा फोटो लावलायस म्हणे, आणि खाली लिहिलंयस, आईला मानवंदना. फोटो जरा बरा निवडायचास. तर हे वाचतो आहेस तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलेली आहे, पडदा उघडायची वाट बघत. तुझ्या हॉलमध्ये आवाजाची बटणं सांभाळणारा म्हातारा तुझ्या बाबांच्या हाताखाली शिकलाय, पण शब्द माझा पाळतो. त्याने आधी तुझ्या कॉलरला माइक लावला आणि मग हे पत्र तुझ्या हातात दिलं. माइक तेव्हापासून चालू आहे. अख्खा हॉल ऐकतोय, भित्र्या. मीही ऐकतेय. काढ आवाज.

अजून तरी तुझीच,
आई