सरकत्या छताची मोटार

चांदा, ता. ६ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. मनकर्णाबाईस धाकट्या भावाचे, लटारूचे, शि. सा. न. वि. वि. खोकला थांबला का मगच पुढचं वाचजो.

भाऊजीचं पत्र भेटलं. नागपूरच्या छातीच्या दवाखान्यात खाट भेटते, पण तू जायाले नाई म्हणून राह्यली. तुझंही खरं आहे. बैलबंडीच्या धक्क्यानं तोंडातून रगत आलं. सर्विस मोटारीत खिडकी उघडली तर धूळ, लावली तर जीव कोंडते. वाटेत आक्सापुरातच उतरून रस्त्याकाठी निजली होती तू.

आता ऐक. मी एका ठेकेदारसाहेबाकडे क्लीनर लागलो. (हो, पुन्हा नोकरी बदलली. सर्कशीवाल्यानं हत्तीजवळ निजवलं, म्हणून पळालो. हत्ती घोरते, तुले ठाऊक आहे का? भेटल्यावर सांगीन.) साहेबाजवळ अमेरिकेची नॅश मोटार आहे, गोऱ्या साहेबानं देश सोडतानी विकलेली. तिच्या छताले दार आहे! मूठ फिरवली का पत्रा मागे सरकते, अन् डोक्यावर सीधं आभाळ. खिडक्या लावून घ्यायच्या, धूळ खाली राह्यते, हवा वरून येते. मागच्या सीटवर तुले निजवतो अन् झाडाचे शेंडे दाखवत नेतो.

रामाजी डायवर सांगते, पहिले अमेरिकेत बहुतेक मोटारी उघड्याच, कापडी टपाच्या. पावसाले अन् थंडीले कट्टाळून लोकायनं बंद मोटारी मागितल्या. कंपन्यायनं टपासकट लोखंडी करून देल्ल्या. मग त्याच लोकायले ऊन-वारा आठवाले लागला! म्हणून नॅशवाल्यायनं सदतीस साली कारखान्यातूनच छताले सरकतं दार बसवून विकाले काढलं. दोन सालाआधी फोर्डनं तर हिरव्या प्लास्टिकचं छत काढलं. फोटो पाह्यला मी साहेबाच्या मासिकात. मले वाटते, आतल्या बाईचं तोंड कैरीसारखं दिसत असन.

साहेबाले विचारलं. त्यायले शिकारीले जायाचं आहे, ते झालं का मोटार ने म्हणाले. कमळीले मामाचा पापा. लोभ वाढवू नको, वजन वाढव.

तुझा लटारू

वढोली, ता. १५ फेब्रुवारी

चि. लटारूस मनकर्णेचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकेवाल्यायचं वाचून हसली, अन् हसली म्हणून खोकली, म्हणून आशीर्वादासंगं शिव्याही घे. आपण नाई का धूर जायाले चुलीवरच्या छपराचं एक कवेलू सारून ठेवत? त्यायले अक्कल सांगाले घरी सासू नसन.

मी येते. दवाखान्याचं भेव नव्हतं रे. वाटेत काही झालं तर कमळीले कोण सांगन, हे भेव होतं. तिले माझ्याजवळ येऊ देत नाईत. चार वर्षाची पोर उंबऱ्याबाहेर बसून बोलते. तिले छताचं सांगितलं. आता तिचा एकच धोशा, आई उभी राह्यली तर तिचं डोकं बाहेर निघन का?

डॉक्टर म्हणते, होळीच्या आत नेलं तर आशा आहे. लटारू, तू पानठेला पाह्यला तरी तासभर थांबतो. एवढं एक काम मधात कुठी न थांबता कर. जीभ धावते तेवढेच पाय धावू दे.

तुझ्यावरचा लोभ जुनाच आहे, नवा काय मागतो?

मनकर्णा

धानोरा, ता. १७ मार्च

ती. सौ. बाईस लटारूचे शि. सा. न. वि. वि.

धानोऱ्याचं नाव वाचून रागावू नको, मी थांबलो नाई, अटकलो. साहेब शिकारीले इथी आला, तर मोटारही इथीच. मोटारीचं त्यानं मचाण केलं. छतातून बंदूक घेऊन कमरेइतका बाहेर उभा राह्यते. इथला वाटाड्या कोलू म्हणते, जनावराले पेट्रोलचा वास येते, साहेबाले येत नाई. मी रोज विचारत होतो, साहेब रोज उद्या म्हणे. एकटाच निघून यावं असं दोनदा मनात आलं. पण बाई, रिकामे पाय आणून तुझ्या काय कामाचे?

काल सांबर पडलं. साहेब खूश, रामाजीले घेऊन मोटार ने म्हणाले! साहेबाले चांद्याले सोडलं का पुढच्या रविवारी, होळीच्या आदल्या दिवशी, पोचतो. मोहाची फुलं छताच्या दाराच्या खाचेत पडून पत्रा अर्ध्यातच अटकत होता. खाच साफ करून तेल सोडलं. आता बोटानं सरकते.

तू रस्त्यावर येऊ नको, मोटार दारापर्यंत आणतो. लोभ पोटभर आहे, तो संगंच आणतो.

तुझा लटारू

वढोली, ता. २० मार्च

चि. लटारूस देवाजी भाऊजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र आज भेटलं. टपालाचा भरोसा नाई, म्हणून हे धानोऱ्याले निघालेल्या चैतूच्या हाती पाठवून राह्यलो.

मनकर्णा गेल्या गुरुवारी गेली. ती तुझी वाट पाहत नव्हती असं लिहावं, म्हणजे तुले बरं वाटन, असं मनात होतं. पण पाहत होती. मोटारीले आमच्या गल्लीत वळता येत नाई म्हणून खाट रस्त्याकाठी न्याले लावली. आत नेतो म्हटलं का रागवे. माझ्या मायनं, गुणाबाईनं, तिले धुतलेलं लुगडं नेसवलं, वेणी घातली.

गुरुवारी सकाळी इंजिनाचा आवाज आला. मले म्हणाली, डोकं उचलून धरा. मी धरलं. बांबूचा ट्रक होता. तो निघून गेला. धूळ बसली तेव्हा मी खाली पाह्यलं, तर ती माझ्या हातातच गेली होती.

तुझ्यावर राग नाई. राग कोणावर काढावा हेच समजत नाई.

एक गोष्ट माझ्या हातून झाली, ती सांगतो. मायनं कमळीले तेव्हाच शेजारी नेऊन बसवलं. पोरीनं आवाज ऐकला होता, धूळ पाह्यली होती. संध्याकाळी घरी आली तर खाट रिकामी. विचारलं, मामा आला होता का? माझ्या तोंडून हो निघालं. आता ती गावभर सांगते, आई छत उघडून गेली. पोरायले मूठ फिरवून दाखवते.

तेरवीले ये. सर्विस मोटारीनं ये, नाई तर पायी ये. ती मोटार आमच्या वाटेले आणू नको. दिसली तर पोर धावत जाऊन मागच्या सीटवर आई शोधन.

लोभ होता तसाच आहे, म्हणून तुलेच लिहितो. तू एकटा दिसला का ती पहिले हेच विचारन, आईले कुठी ठेवून आला. वाटेत तिले सांगाले काही सुचलं तर बरं. मले इतक्या दिवसात सुचलं नाई.

देवाजी