पुढीलदाराची कडी

रविवार, दिवेलागण झाल्यावर

पाय ठणकताहेत, पण डोक्यात घोळतंय ते पुढीलदार. आज दिवसभर घोळक्याने पायी फिरून मालवण बघायची सहल होती. नाव दिलं ते निव्वळ कुणाशी तरी बोलणं होईल म्हणून. धक्का झाला, बाजार झाला, जेवणानंतर आमच्याच आळीत शिरलो. माहिती सांगणारी मुलगी कुडाळची. थांबली ती नेमकी माझ्या घरासमोर.

"ह्या घर बघा. मालक मुंबैक. गणपतीक तेवढा उघडतत."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने फोटोही काढला. आणि मी? मीही बघत राहिले, पर्समधली मागच्या दाराची किल्ली मुठीत धरून. का नाही म्हटलं, "अगो, हयच रवतंय मी"?

पण तिची तरी काय चूक? हे गेल्यापासून मी मागीलदारानेच ये-जा करते. एकटीला स्वयंपाकघर पुरतं. पुढीलदाराला आतून कडी, पुढच्या अंगणात, खळ्यात, पाचोळा. लांबून मलासुद्धा ते बंदच वाटलं.

निरोप घेताना तिने विचारलं, "काकी, तुमचा घर खंय?"

"हयच, जवळ," म्हटलं.

घरी आले तरी पाय सवयीने मागीलदाराकडेच वळले. मग हट्टाने आतून पुढीलदाराची कडी काढली, पडवीतला दिवा लावला, खुर्ची टाकून हे लिहायला बसले. आत्ताच रस्त्यावर एकाने स्कूटर हळू केली. अगदी आपुलकीने विचारलं,

"काकी, मुंबैसून कधी इलास?"

"आजच," म्हटलं.