आत्याच्या एकशे बारा फायली

सोमवार, ४ मार्च

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि. असं लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. शाळेत पत्रलेखनाला पाच गुण असायचे, त्यानंतर थेट आज. जन्मभर दुसऱ्यांनी बोललेलं टाइप केलं, स्वतःचं लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुला फोन केला होता, सात वेळा. शेवटी तुझ्या शेजारच्या काकूंना केला, तर त्या म्हणाल्या, "त्यांना फोनवरचं कळत नाही म्हणतात, कपाटात ठेवून दिलाय." म्हटलं, पत्र तरी वाचशील.

आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आपलं म्हणायचं. ह्यांना शिडीवरून पडून पावणेदोन वर्षं होतील, पण अजून दहा मिनिटं उभे राहिले की भिंत धरतात. माणूस घरात बसला की चिडका होतो. काल पंख्याशी भांडत होते, हळू का फिरतोस म्हणून. लेक अभ्यास करते, निदान पुस्तक तरी उघडं असतं.

आपला मजला आता तुला ओळखू येणार नाही. चाळीस खुर्च्यांपैकी सव्वीस रिकाम्या आहेत. हेडफोन एका खोक्यात टाकलेत, सगळ्यांच्या वायरींचा गुंता. परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम आपल्याकडे येत होतं कारण आपण स्वस्त होतो. आता आपल्याहून स्वस्त माणसं आणखी कुठेतरी सापडली आहेत. उरलेलं मशीन लिहितं. डॉक्टर बोलला की आपोआप टाइप होतं, आपण फक्त त्याची घाण निपटायची. तुझ्या त्या चघळ्याचं मात्र मशीनला एक वाक्य कळत नाही. आठवतो ना, तोंडात काहीतरी चघळत पोटाचं ऑपरेशन सांगणारा? त्याची फाईल आली की अजून कोणी ना कोणी म्हणतंच, "आत्याबाई हव्या होत्या." आख्खा मजला तुला आत्याबाईच म्हणायचा, माझ्यामुळे. मी तेवढ्यात पाणी प्यायला उठते.

साहेबांनी परवा सांगितलं, ३१ मार्चला कुलूप.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणशील, गोड बोलतेय म्हणजे हिला काहीतरी हवंय. हवंयच गं. समोरच्या इमारतीत पुटपुट्याने कंपनी काढलीय ते तुला माहीत आहे. तुझ्याच शेजारी बसून, तोंडातल्या तोंडात प्रत्येक शब्द पुटपुटत शिकला तो. आपली दोन मोठी इस्पितळं त्यानेच पळवली. त्याला माझ्यासारखे फायली तपासणारे तपासनीस हवेत म्हणे. मी दोनदा अर्ज टाकला, उत्तर नाही. तुझा शब्द तो खाली पडू देणार नाही. दोन ओळी लिहून देशील? मी चाळिशी ओलांडलेली, दुसरं काही येत नाही, घरात मिळवणारी मी एकटी. आत्या, मला खरंच कुठे जायला जागा नाही.

मागच्या वर्षीचं मनात ठेवू नकोस. तिथे दुसरं कोणी तपासायला असतं तरी तेच आकडे आले असते.

ताईचा फोन होता. बाळ सव्वा महिन्याचं झालं. तू अजून लेकीकडे गेली नाहीस म्हणून रडत होती. जाऊन ये ना.

तुझी,
भाची


शुक्रवार, २२ मार्च

ती. आत्या,

काम झालं! परवा बोलावलं आणि बसल्या बैठकीला घेतलं. पुटपुट्या आता जाड झालाय, काचेच्या खोलीत बसतो, पण वाचताना ओठ हलतात ते हलतातच. तुझं पत्र त्याने माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. मला वाटलं होतं, मुलगी होतकरू आहे, गरजू आहे, असलं काहीतरी लिहिलं असशील. तू लिहिलंस: "ही माझी सख्खी भाची, मीच हिला शिकवलं. माझे कान गेले ते मला स्वतःला कळलं नव्हतं. हिला कळलं. इतरांनी माझ्याकडे पाहून डोळेझाक केली असती. हिने आत्याची सुद्धा गय केली नाही, एकेक चूक दाखवली. असा प्रामाणिक माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही."

हे वाचून तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. त्याला वाटलं असेल, लाजली.

एक तारखेपासून जायचं आहे. बत्तीस जणांवर मुख्य तपासनीस. हे तर इतके खूश झाले की भिंत न धरता स्वयंपाकघरापर्यंत आले.

तुझे आभार कसे मानू ते कळत नाही, म्हणून मानत नाही. फक्त ते वाक्य तू लिहायला नको होतंस. दुसरं काहीही चाललं असतं.

तुझं मला आलेलं पत्रही दोनदा वाचलं. बाळाकडे का जात नाहीस ते आता समजलं. "रात्री ते रडलं आणि मला ऐकू आलं नाही तर? कानाच्या डॉक्टरने मशीनवर कान तपासून काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, पण मशीनचं खरं धरू की पोटच्या पोरीसारख्या भाचीचं?" आत्या, डॉक्टर शिकलेला माणूस असतो. त्याचं ऐकावं. मी काय, मी आपली एक टाइप करणारी बाई.

इथे थांबते, भाजी करपतेय.

तुझी,
भाची

ता. क. भाजी करपत नाहीये. मला पुढे लिहवत नाहीये.


बुधवार, १० एप्रिल

आत्या,

आज नमस्कार लिहीत नाही. पत्र संपेपर्यंत तो तुला हवा आहे की नको ते ठरव. एकदम लिहिते, नाहीतर पुन्हा भाजी करपेल.

तुझ्या त्या चुका तू केल्या नव्हत्यास. मी केल्या होत्या.

साहेबांनी मला आत बोलावलं तेव्हा हे शिडीवरून पडून तीन आठवडे झाले होते. साहेब म्हणाले, समोरच्याने दर पाडलाय, आपल्याला जुनी माणसं परवडत नाहीत. काढून टाकलं तर भरपाई द्यावी लागते. पण तीन महिने अचूकता अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या खाली गेली, तर करारानुसार माणूस आपोआप जातो. अकरा नावांची यादी होती. सगळ्यात वर तू. मी म्हटलं, साहेब, आत्याच्या फायलीत काय सापडणार? तर म्हणाले, "सापडत नसेल तर तुमची नजर कमी पडतेय. मग बारावं नाव तुमचं लिहू का?"

मी उठून यायला हवं होतं. बसून राहिले.

तुला पद्धत माहीत आहे. तपासनिसाने फाईल दुरुस्त केली की जेवढं बदललं तेवढी चूक टाइप करणाऱ्याच्या नावावर. मी तुझी फाईल उघडायची, तू बरोबर लिहिलेलं बिघडवून तुझ्याच नावाने पुन्हा जमा करायची, आणि मग माझ्या नावाने दुरुस्त करायची. रुग्णाच्या कागदावर शेवटी बरोबर तेच जायचं. याच्यावर मी मनाची समजूत घातली, की कोणाचंही वाईट झालं नाही. कोणाचंही! तू माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसली होतीस.

इथवर निदान भीती होती म्हणता येईल. पुढचं भीतीतलं नाही.

तू एक दिवस बेसिनपाशी आलीस, हातात छापील कागद. म्हणालीस, "बघ गं, डावी बाजू ऐकून मी उजवी लिहिली? हे मी लिहिलं?" तुझा चेहरा अगदी लहान पोरीसारखा झाला होता. मी एवढंच म्हणू शकले असते, जाऊ दे आत्या, होतं कधीतरी. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "वय झालं आत्या. एकदा कान दाखवून घे." असं म्हटलं की तू भांडणार नाहीस, मला माहीत होतं. आणि नाहीच भांडलीस. राजीनामा दिलास तेव्हा जाताना मला म्हणालीस, तू होतीस म्हणून कळलं. घरी येऊन मी जेवले. हे तुला सांगायलाच हवं, की मी त्या दिवशी नीट पोटभर जेवले.

उरलेले दहाही तसेच गेले, माझ्याच हातून. आणि मजला वाचला का? चौदा महिन्यांत कुलूप लागलं. करून सवरून हाती काय, तर शून्य.

नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी पुटपुट्याने यादी दिली. सात नावं. "तीन महिन्यांत यांची अचूकता बघा," म्हणाला. मी बघते म्हटलं. आत्या, मी खोटं बोलणार नाही, मी बघायला बसलेही. एका बाईंच्या चार फायली बिघडवल्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. परवा त्या माझ्या टेबलापाशी आल्या, हातात कागद. म्हणाल्या, "मॅडम, जरा सांगता का, हे मी लिहिलंय?"

  त्यांना म्हटलं, नाही, तुम्ही नाही लिहिलंत. आणि तशीच त्या काचेच्या खोलीत गेले.

पुटपुट्याला म्हटलं, आत्याबाईंनी तुम्हाला जे लिहिलं ते खरं नाही. मी प्रामाणिक नाही. त्यांच्या फायली मी बिघडवल्या होत्या. मला वाटलं, हाकलून देईल, ओरडेल. तर तो हसला.

"बसा हो," म्हणाला. "मी चार वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकलोय. आत्याबाई डावं-उजवं चुकतील? मी काय खुळा आहे? पत्र वाचलं तेव्हाच समजलं काय झालं असेल. म्हणून तर तुम्हाला घेतलं. दोन अर्ज आले तेव्हा मला कुठे ठाऊक होतं तुम्ही सख्ख्या आत्यालाही सोडत नाही ते."

मी विचारलं, मग त्यांना का नाही कळवलंत? त्या कान गेले म्हणून घरात बसून आहेत. तर म्हणाला, "माझा काय संबंध? ते तुमच्या घरातलं."

खरं आहे. घरातलंच आहे. तुझ्या पत्रामुळे मला काम मिळालं, आणि ज्या कारणाने मिळालं ते तू शिफारस म्हणून लिहिलं होतंस. मला तिथे बसवेना. पर्स उचलली आणि जिना उतरले. खाली आल्यावर कुठे जायचं सुचेना, म्हणून बसच्या थांब्यावर बसून राहिले. चार बसगाड्या सोडल्या.

आज दोन दिवस झाले. सकाळी डबा घेऊन निघते आणि वाचनालयात बसते. हे पत्र तिथेच लिहितेय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. परवा ते लेकीला म्हणाले, "आईचं नशीब उघडलं." कुठल्या तोंडाने सांगू? उद्या सांगेन, उद्या सांगेन करतेय. पण तुला सांगितल्याशिवाय त्यांना सांगता येईना. आधी तुझं देणं आहे.

सोबत एक कागद आहे. साहेबांचं ऑफिस बंद होण्याच्या आधी मी तिथल्या कंप्युटरमधून काढून घेतला होता. तेव्हा का काढला, सांगता येत नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. रुग्णांची नावं खोडली आहेत. प्रत्येक ओळीत फाईलचा नंबर आणि दोन वेळा. पहिली वेळ तू काम जमा केल्याची, दुसरी मी उघडून बिघडवल्याची. एकशे बारा ओळी आहेत. पहिल्या वेळेला एकाही फाईलमध्ये चूक नाही. चघळ्याच्या एकोणीस आहेत, त्यातही नाही. मी सगळ्या तपासल्या. या वेळी खऱ्या तपासल्या.

तुझे कान चांगले आहेत, आत्या. ते कधीच गेले नव्हते. डॉक्टर खरं सांगत होता आणि मी खोटं सांगत होते, आणि तू माझं ऐकलंस, कारण मला तू लहानाची मोठी होताना पाहिलं होतंस. ताईकडे जा. हे पत्र वाचून झालं की पिशवी भर आणि जा. माझ्यावर रागावून बसायचं तर तिकडे बसून रागव. बाळाचे दोन महिने माझ्यामुळे फुकट गेले, तिसरा जाऊ देऊ नकोस.

माफ कर असं लिहिणार नाही. लिहिलं तर तू करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग मी पुन्हा सुटेन. मला असं वाटतं की तू चिडावंस. माझ्या नावाने बोटं मोडावीस. हा कागद आणि हे पत्र घेऊन त्या दहा जणांकडे जावंस. त्यांनी कामगार न्यायालयात नेलं तर मी येईन आणि तिथेही हेच बोलेन. साहेब म्हणतील, असं काही झालंच नव्हतं. म्हणून कबुली हातानेच लिहिली आहे, टाइप केलेली नाही, आणि प्रत्येक पानाच्या कडेला तारीख घालून पूर्ण सही केली आहे. उद्या मी घाबरले, घरच्यांकडे बघून शब्द फिरवायला निघाले, तर हे अक्षर माझंच आहे हे तू सर्वांना सांग.

जिला तू शिकवलंस,
ती