बिघाडाचे कारण

नायगाव, बी.डी.डी. चाळ
रविवार, १७ मार्च १९५७

प्रिय चिंतामणी,

तुमचा रेडिओ बोलायला लागला. ही बातमी आधी देतो, म्हणजे आईला सांगून पुढचं निवांत वाचशील. काल दुकानात चार तास सलग लावून ठेवला होता, आवाज खणखणीत आहे. उद्या सकाळी गणपत हमाल तो डोक्यावरून गिरगावात आणून देईल, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. गणपतला चहा पाज. कपात.

अप्पांनी मला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आहे. ‘आनंदीबाईंच्या सेटचे काम माझ्या हातून निष्काळजीपणे झाले, त्याबद्दल मी क्षमा मागतो’ या तुझ्या आईच्या नावे केलेल्या कागदावर सही करायची, नाहीतर मंगळवारपासून त्यांच्या दुकानाची पायरी चढायची नाही. मालकच ते, त्यांना कारागिरापेक्षा गिऱ्हाईक मोठं. पण तुला हे मी काय सांगणार, तो कागद तूच लिहून आणलास. अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे. परवा दुकानाबाहेर उभा राहून तू म्हणालास, एका सहीनं तुझं काय जातंय रे कोंडू, आई शांत होईल, अप्पा शांत होतील, विषय मिटेल. मी म्हटलं, आधी सेट उघडून बघतो, मग सहीचं बोलू. ते तुला आवडलं नाही. तेव्हा मला वाटलं तुला ऑफिसला उशीर होतोय.

फेब्रुवारीतला तो रविवार आठव. सेट घरघर करतो म्हणून अप्पांनी मला तुमच्याकडे पाठवलं, आणि तुझ्या घरी जायचं म्हणून मी इस्त्रीचा सदरा घातला होता. कंडेन्सर गेला होता, तो बदलला. तुझ्या आईनं सगळ्यांबरोबर मलाही कपबशीत चहा दिला आणि गुरुवारचं कीर्तन आता स्वच्छ ऐकू येईल म्हणून किती आनंदल्या. मग सहज विचारलं, राहता कुठे. मी सांगितलं. चाळीचं नाव ऐकल्यावर त्या उठून आत गेल्या आणि तू घाईघाईनं क्रिकेटचा विषय काढलास. निघताना माझी कपबशी गॅलरीत, मोरीबाहेर एकटी ठेवलेली दिसली. मी तिच्याकडे न बघता जिना उतरलो. घरी आईला सांगितलं, चिंतामणीच्या आईनं फार प्रेमानं केलं. खोटं बोललो असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

बरोबर महिन्याभरानं सेट मुका झाला, आणि झाला तोही निवडणुकीच्या निकालांच्या दिवशी. सगळा मजला तुमच्या दारात जमलेला, संयुक्त महाराष्ट्र समितीचे एकेक उमेदवार निवडून येतायत, आणि ऐन बातम्यांत आवाज बंद. तुझ्या आईला चारचौघांत रडू आलं असं ऐकलं. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. त्या निकालांसाठी आपण दोघांनी काय कमी वणवण केली होती? करी रोडपासून कॉटन ग्रीनपर्यंत भिंतीवर भिंत रंगवली. पोस्टरांची खळ माझी आई शिजवायची. तू आमच्याकडे पिठलं-भाकरी खायचास, दोनदा मागून घ्यायचास. माझ्या आईनं तुझं ताट घरातल्या ताटांबरोबरच घासलं, एवढंच आज नमूद करतो. आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले तेव्हा दादरच्या त्या अफाट गर्दीत तू माझा हात धरून चालत होतास. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. म्हणून तर इतकं लांबलचक लिहितोय. दुसऱ्या कुणाला चार ओळींत उडवलं असतं.

काल सेट उघडला. तक्रार होती, दिवे लागतात पण आवाज नाही. पहिल्यांदा माझंच काम तपासलं. मी बसवलेला कंडेन्सर काढून मीटरवर लावला, चांगला निघाला. सोल्डरचा डाग दिलेली जोडणी ओढून बघितली, पक्की. खरं सांगतो, माझी चूक निघावी असं क्षणभर वाटलं. निघाली असती तर सही केली असती, लाज वाटली नसती. चुकलं तर कबूल करावं, त्यात कमीपणा कसला.

पण चूक माझी नव्हती. स्पीकरच्या मागे एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यात केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती तुटली होती. जळली नव्हती, कुणी कापली नव्हती, हिरवी पडून कुजली होती. बंद पेटीतलं तांबं असं महिन्याभरात कुजत नाही. त्यावर काहीतरी खारट, ओलं पडावं लागतं. आजूबाजूच्या पत्र्यावर वाळलेल्या थेंबांचे पांढरट डाग होते. तिथं सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली आणि वास आला. कसला, ते तुला सांगायला नको, तुमच्या देवघरात त्याची बाटली असते. काचेच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी तुळशीचं एक पान चिकटलं होतं, वाळून काळं झालेलं.

आधी मला हसू आलं. सात वर्षं या धंद्यात आहे. आत झुरळ मेलेलं बघितलंय, उंदरानं केलेलं घर बघितलंय, एकदा तर कुणाचं तरी हरवलेलं मंगळसूत्रही सापडलं होतं. पण गोमूत्र पाजलेला रेडिओ पहिल्यांदाच बघितला. तुझ्या आईवर माझा फारसा राग नाही. त्यांना लहानपणापासून जे शिकवलं ते त्यांनी केलं, आणि कपबशी घासता येते तसा रेडिओ घासता येत नाही, मग करणार काय बिचाऱ्या.

हसू थांबलं ते मागच्या फळीकडे बघून. ती चार स्क्रूंवर बसते. बसवताना मी चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या ठेवतो, ही माझ्या उस्तादाची सवय. दुसऱ्या कुणी सेट उघडला तर लगेच कळतं. काल चारही खाचा वेड्यावाकड्या होत्या. तुझ्या आईला स्क्रूड्रायव्हर कुठल्या बाजूनं धरायचा तेही माहीत नसेल. तुला माहीत आहे. करी रोडच्या कचेरीत समितीचा लाउडस्पीकर दुरुस्त करताना मीच तुला शिकवलं होतं, आणि तू किती हौसेनं शिकलास.

म्हणजे वरून शिंपडून भागलं नाही. कोंडीरामचा हात आत लागला होता ना. तू फळी काढून दिलीस, आईनं आत शिंपडलं, तू फळी परत लावलीस. निदान बटण तरी बंद केलं होतंस का रे? ओल्या हाताला झटका बसला असता तर तुझी आई जागच्या जागी गेली असती. आणि फळीच्या आतल्या बाजूला आम्ही कारागीर पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहितो, तेही मी त्या दिवशी तुझ्यासमोरच लिहिलं होतं. नाव खोडरबरानं पुसलेलं आहे. तारीख तेवढी राहू दिलीस.

हे बघून मी फळी बाजूला ठेवली. मग ट्रान्सफॉर्मर बदलला, पत्रा स्पिरिटनं पुसला आणि सेट चालू केला. वाटलं होतं तसाच मुका ठेवून पाठवावा. पण बिघाड सापडल्यावर तो दुरुस्त न करणं मला जमत नाही. गेल्या दसऱ्याला नागपूरहून परत आल्यावर माझ्या आईनं घरातला देव्हारा स्वतःच्या हातांनी काढला आणि मला एवढंच म्हणाली, आता कुनाच्या पायरीला बसायचं न्हाई, काम करायचं ते मान वर करून. मी मान वर ठेवूनच काम केलं आहे. फेब्रुवारीतही आणि कालही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. तुझा माफीचा कागद सोबत परत पाठवतोय. त्यावर सही नाही आणि होणार नाही. सोबतचा दुसरा कागद म्हणजे दुकानाची दुरुस्तीची चिठ्ठी. गिऱ्हाइकाचं नाव, काय बदललं, तारीख, सगळं भरलं आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे, शाईनं. फळीच्या आतही शाईनंच लिहिलंय, खोडरबर चालणार नाही. तुळशीचं पान पाकिटात ठेवलंय. ते मी अप्पांना दाखवलं नाही, कारण मी दाखवलं तर ते म्हणतील, यानंच टाकलं असेल. खरं कारण माहीत असलेला आणि ज्याचा शब्द अप्पा मानतील असा माणूस गिरगावात एकच आहे. तू ते कारण लिहून दिलं नाहीस तर मी विनवण्या करायला येणार नाही. आईनं देव्हाऱ्याची जागा झाडून ठेवली आहे, मंगळवारी तिथं माझं दुरुस्तीचं टेबल लागेल आणि दारावर पाटी. अप्पांचं दुकान संध्याकाळी सहाला बंद होतं. चिठ्ठीवर ‘बिघाडाचे कारण’ असा एक रकाना आहे, तेवढा मी कोरा सोडला आहे. तो तू भर, आणि खाली तुझी सही कर. एका सहीनं तुझं काय जातंय?

अजून तरी तुझाच,
कोंडीराम